मामांचं अर्धवट सेटिंग

चष्म्याच्या काचा घासणाऱ्या त्या कारखान्यात तिला सगळे सिस्टिमबाई म्हणत. घरचं नाव चिंगी. ते कारखान्यात कुणाला कळू नये असं तिला फार वाटायचं. पण तिच्या आधी तिथले कॉम्प्युटर सांभाळायचे ते तिचे सख्खे मामा, आणि निवृत्तीच्या दिवशी त्यांनी भरल्या हॉलमध्ये, ‘काळजी करू नका, आता माझी चिंगी आहे,’ असं जाहीर करून तिच्या अब्रूचं पार खोबरं करून टाकलं होतं. तेव्हापासून तोंडावर सिस्टिमबाई आणि पाठ वळली की चिंगी, असा कारभार होता.

मामांना कारखान्यात सगळेच मामा म्हणत, अगदी मालकीणबाईसुद्धा. चिंगीचं शिक्षण चालू होतं तेव्हा ती मामा-मामींकडेच राहायची. संध्याकाळी मामा स्वयंपाकघरातल्या टेबलावर एखादा कॉम्प्युटर पोट उघडून मांडायचे आणि ती शेजारी बसून स्क्रू वाटीत गोळा करायची. कामाला हात कसा लावायचा ते तिला मामांनी शिकवलं. कॉलेजने नंतर त्याच गोष्टींना मोठमोठी नावं दिली, एवढंच. हे उपकार आपण कधी विसरणार नाही, असं ती म्हणायची, आणि तिला ते खरंही वाटायचं.

कारखान्याचं काम असं चाले: गावभरातल्या चष्म्याच्या दुकानांतून गिऱ्हाइकांचे नंबर यायचे. ते नंबर मागच्या अंधाऱ्या खोलीतल्या सर्व्हरवर जमा व्हायचे आणि तिथून एकेका मशीनला जायचे. मशीनला नंबर मिळाला की मशीन काच घासायला घेई. सर्व्हर मामांनी उभा केला होता, आणि प्रत्येक मशीनशी त्याचं जुळवून देताना त्यांनी दिवसचे दिवस त्या हॉलमध्ये स्टुलावर बसून काढले होते. चिंगीला मात्र तो जुनाट खोका डोळ्यांत सलायचा. तिने मालकीणबाईंकडे नव्या सर्व्हरसाठी कितीदा तरी शब्द टाकला होता. मालकीणबाईंचं उत्तर ठरलेलं. चालतंय ना, मग चालू दे.

आणि एका सोमवारी सकाळी ते चालेना.

फोरमन तिच्या खोलीत आले. मोठ्या मिशांचा, हळू बोलणारा माणूस. "बाई, मशिनं उपाशी बसलीत," ते म्हणाले. "एकालाही नंबर येत नाही."

ती मागच्या खोलीत गेली. सर्व्हर सुरू होता, पण त्याच्या पाठीवरचा नेटवर्क कार्डाचा दिवा विझला होता. तिने केबल बदलून बघितली, दिवा नाही. म्हणजे कार्ड मेलं. नेटवर्क कार्ड म्हणजे तळहाताएवढी पाटी. तिच्यातूनच सर्व्हरचं बाहेरच्या जगाशी बोलणं होतं. ती मेली, की आत सगळं शाबूत असूनही सर्व्हर मुका. कपाटात नवं कार्ड होतंच. तिने सर्व्हर बंद केला, झाकण काढलं, फुंकर मारून धूळ उडवली, जुनं कार्ड उपसलं आणि त्याच खाचेत नवं बसवलं. स्क्रू घट्ट पिळला. सर्व्हर सुरू केला, आणि पाठीमागे हिरवा दिवा लागला. इथपर्यंत तिचं काम मामांनी बघितलं असतं तर मान डोलावली असती.

पण नंबर काही जाईनात. दिवा हिरवा, केबल धडधाकट, सेटिंगची फाइल जिथल्या तिथे, आणि सर्व्हर तरीही गप्प. तिने परत बंद केला, परत चालू केला. कार्ड काढून परत बसवलं. तोवर दारात फोरमन येऊन उभे राहिले होते, त्यांच्या मागे हिशेबनीसबाई आणि सगळ्यांच्या पुढे मालकीणबाई. पाठीवर इतक्या नजरा असल्या की डोकं काम करत नाही. हात मात्र उगाचच जास्त काम करतात.

"काय झालंय नक्की?" मालकीणबाईंनी विचारलं.

आता खरं सांगायचं तर तिला काही म्हणता काही कळलं नव्हतं. पण माणसाचं असं असतं, की ‘मला कळत नाही’ एवढं एक वाक्य सोडून बाकीची सगळी वाक्यं त्याला ऐन वेळी बरोबर सुचतात.

"मामांनी त्या वेळी सेटिंग अर्धवट करून ठेवलंय," ती म्हणाली. "जुन्या कार्डावर कसंबसं चालत होतं. नवं कार्ड ही सिस्टिम घ्यायचीच नाही. सगळी पुसून नव्याने टाकावी लागेल."

"सगळी? आणि मशिनांची जुळणी?"

"तीही परत करावी लागेल."

मालकीणबाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. फोरमन काहीतरी बोलणार होते, पण ते नुसतं मिशीवरून बोट फिरवत राहिले. मंडळी पांगली. तिला हायसं वाटलं. खापर फोडायला मामांचं डोकं सापडलं होतं, आणि मामा तर घरी होते. त्यांच्या कानावर हे कशाला जातंय?

पुसण्याआधी सगळ्याची नक्कल काढून ठेवावी म्हणून ती सर्व्हरसमोर बसली. खोलीत आता कुणी नव्हतं, पंख्याची घरघर तेवढी होती. नक्कल निघेपर्यंत सहज म्हणून तिने सर्व्हरला विचारलं, की बाबा, तुला कार्डं कुठली कुठली दिसतात. पडद्यावर ओळ उमटली आणि तिचा चेहरा उतरला.

सर्व्हरला कार्ड दिसत होतं. छान दिसत होतं. फक्त त्याने त्याचं नाव दुसरं ठेवलं होतं.

झालं होतं ते असं. प्रत्येक कार्डाला जन्मतःच स्वतःचा एक नंबर असतो. ती जुनी सिस्टिम हा नंबर लक्षात ठेवायची आणि त्यावरून कार्डाला नाव द्यायची. जुन्या कार्डाचं नाव सिस्टिमने जुन्यासाठीच राखून ठेवलं, आणि नवं आलं तेव्हा त्याला पुढचं नाव दिलं. सगळी सेटिंगं पहिल्या नावावर, आणि कार्ड दुसऱ्या नावाने बसलेलं. मग बोलणार कसं? चिंगीला सवय नव्या सिस्टिमांची. त्यांत कार्डाचं नाव खाचेवरून ठरतं. त्याच खाचेत बसवलं की नाव तेच. म्हणून तर तिने जपून त्याच खाचेत बसवलं होतं, आणि नावाकडे ढुंकूनही बघितलं नव्हतं. एका फाइलमधला जुन्याचा नंबर खोडून तिथे नव्याचा लिहायचा, एवढंच काम होतं. सिस्टिम पुसायची गरज नव्हती. मामांचं काहीही अर्धवट नव्हतं.

आणि हे तिला माहीत होतं, हे त्यातलं सगळ्यांत वाईट. मामींच्या टेबलावर, स्क्रूंच्या वाटीशेजारी बसून तिने हे कधीतरी ऐकलं होतं.

तिने नंबर बदलला आणि सर्व्हर परत सुरू केला. थोड्याच वेळात हॉलमधून पहिल्या मशीनचा घूं असा आवाज आला, मग दुसऱ्याचा, मग सगळ्यांचा मिळून एकच. ती हॉलमध्ये आली तेव्हा कुणीतरी टाळ्या वाजवल्या. हिशेबनीसबाईंनी तिच्या हातात चहाचा कप ठेवला.

"परत नाही टाकावी लागली?" मालकीणबाई हसत म्हणाल्या.

"नाही," ती म्हणाली. "वाचवली कशीबशी."

हे ‘कशीबशी’ कुठून आलं ते तिचं तिलाच माहीत. टाळ्या कानात जातात तेव्हा खरं बोलायची वाट बुजते, असं काहीसं झालं असावं. दुपारी सावकाश मालकीणबाईंना गाठून सांगू, असं तिने मनाशी ठरवलं. तेवढ्यात फोरमन दाराकडे बघून म्हणाले, "अरे, मामा."

मामा दारात उभे होते. अंगात इस्त्रीचा शर्ट, खांद्याला स्क्रूड्रायव्हरची जुनी कापडी पिशवी. बसस्टॉपपासून भराभर चालत आले असावेत, त्यांना धाप लागली होती. मशिनांची जुळणी परत करायची तर ती ज्याने केली त्यालाच बोलवावं, म्हणून मालकीणबाईंनी मघाशीच त्यांना फोन केला होता. यात मालकीणबाईंचं काही चुकलं नव्हतं. 

"अहो मामा, तुम्हाला उगीच धावायला लावलं," त्या म्हणाल्या. "तुमच्या भाचीने सावरलं बघा सगळं. तुमचं सेटिंग अर्धवट राहिलं होतं ना, तिथे घोडं अडलं होतं."

"अर्धवट?" मामा म्हणाले. "माझं?"

"असं हीच म्हणाली. काय हो सिस्टिमबाई?"

सगळे तिच्याकडे बघायला लागले. मामाही बघत होते, आणि त्यांच्या नजरेत राग नव्हता, नुसती उत्सुकता होती. एखादं गणित चुकलं असेल तर कुठे चुकलं ते बघू या, अशी. एक वाक्य बोलायचं होतं. ‘नाही, चूक माझी होती.’ ते तिच्या घशापर्यंत आलंही. पण हातात चहा होता, आजूबाजूला कौतुकाने हसणारी तोंडं होती, आणि नुकत्याच टाळ्या वाजल्या होत्या.

"होतं थोडंसं," ती म्हणाली. "आता झालंय नीट. जाऊ द्या ना मामा."

दारात उभं राहिल्यावर किल्ली सापडत नाही तेव्हा माणूस जसा सगळे खिसे परत परत चाचपतो, तसं मामांच्या चेहऱ्यावर काहीतरी चाललं होतं. मग त्यांनी पिशवी खांद्यावरून उतरवून खाली ठेवली आणि हॉलकडे तोंड केलं.

"मंडळी, मला वाटलं होतं मी सगळं नीट करून गेलो," ते म्हणाले. "माझ्या हातून काहीतरी राहिलं, त्यापायी तुमची सकाळ वाया गेली. मला माफ करा."

"मामा, अहो काय हे," फोरमन पुटपुटले आणि जमिनीकडे बघायला लागले. हिशेबनीसबाईंना एकदम काहीतरी काम आठवलं. चिंगी मूग गिळून उभी होती. तिला शरमेने मेल्यासारखं झालं होतं, आणि तरी ती चहा पीत होती, कारण त्या कपाचं दुसरं काय करायचं ते तिला सुचत नव्हतं.

बसस्टॉपपर्यंत ती त्यांना सोडायला गेली. इथे तरी सांगावं. इथे तर कुणी नव्हतं, रस्त्याच्या कडेला एक बाक आणि त्यावर ते दोघं.

"काय राहिलं होतं ग माझं?" मामांनी विचारलं. "मी मघापासून आठवतोय. नावं, नंबर, मशिनांची जुळणी. एकेक करून डोक्यात सगळं फिरवून आलो. कळतच नाही काय राहिलं."

"बारीकसं होतं," ती म्हणाली. आणि ते पुढे आणखी विचारतील या धास्तीने तिने विषयच बंद केला. "तुम्हाला आता नाही आठवायचं ते."

मामांनी तिच्याकडे बघितलं. मग मान हलवली, आणि बस आली तेव्हा दांडा धरून सावकाश वर चढले. एरवी उडी मारून बस पकडणारा माणूस तो. 

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत मामींचा फोन आला.

"चिंगे, तुझ्या मामांना काय झालंय ग?" मामी आवाज दाबून बोलत होत्या, मामा जवळपासच असावेत. "सोमवारी तुमच्याकडून आल्यापासून गप्प गप्प आहेत. घरभर चिठ्ठ्या लावत सुटलेत."

"कसल्या चिठ्ठ्या?"

"गॅस बंद केला का, नळ बंद केला का. काल मला म्हणाले, आपण डॉक्टरकडे जाऊन डोकं तपासून घेऊ. मी म्हटलं, चांगलं तर चाललंय डोकं. तर म्हणाले, नाही, मला आता खात्री झाली, कारखान्यात होतो तेव्हापासूनच विसरायला सुरुवात झाली होती. आईसारखंच माझं होणार. तुला आठवतंय ना आजीचं?"

तिला आठवत होतं. आजी मामांकडेच असायची. शेवटी शेवटी ती स्वतःच्या मुलाला, म्हणजे मामांनाच, ‘तुम्ही कोण, कुठून आलात’ असं विचारायची. मामा रोज हसून स्वतःची ओळख करून द्यायचे आणि मग मागच्या गॅलरीत जाऊन उभे राहायचे. शिकत असताना चिंगीने हे स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. आणि त्याच माणसाला तिने बाकावर बसून सांगितलं होतं, तुम्हाला आता नाही आठवायचं ते.

"मामी, मी रविवारी येते," ती म्हणाली.

आजच संध्याकाळी येते, असंही म्हणता आलं असतं. बस थेट जाते, रस्ता पायाखालचा. पण पोटात भीती असली की रविवार जवळचा वाटतो, त्याला काय करणार? ते दोन-तीन दिवस तिने कसे काढले विचारू नका. फोरमनशी बोलताना तिची नजर त्यांच्या मिशीच्या वर जात नव्हती. मालकीणबाई एकदा जाता जाता म्हणाल्या, "नव्या सर्व्हरचं बघू या हं आता. मामांच्या भरवशावर किती दिवस काढायचे?" तिला हवं होतं ते मिळत होतं, आणि ते ऐकून तिला अन्न गोड लागेना.

रविवारी ती गेली तेव्हा दार मामींनी उघडलं. आतल्या बाजूने दारावर पिवळी चिठ्ठी होती, मामांच्या रेखीव अक्षरात: किल्ली घेतली का? गॅसजवळ एक, नळावर एक, पंख्याच्या बटणावर एक, औषधाच्या डब्यावर एक. मामा खिडकीशी खुर्चीत बसले होते. कोपऱ्यात त्यांचा कॉम्प्युटर होता, ज्यावर चाळीतल्या अर्ध्या लोकांची बिघडलेली कामं ते हसत हसत करून द्यायचे. त्याच्यावर चादर टाकली होती, आणि चादरीवर चिठ्ठी लावली होती: हात लावू नये.



बसमध्ये तिने बोलायचं सगळं पाठ केलं होतं. ‘मामा, मला माफ करा’पासून सुरुवात करायची होती. मामांसमोर स्टूल ओढून बसल्यावर त्यातलं अक्षर आठवेना.

"मामा," ती म्हणाली, "एक अडचण आहे. विचारू?"

मामांनी दोन्ही हात वर केले. "मला नको विचारूस, बाळा. शेजाऱ्यांचा प्रिंटर मी परवा तसाच परत पाठवला. उगाच काहीतरी अर्धवट करून ठेवायचो. माझा मला भरवसा राहिला नाही."

"उत्तर नका देऊ. नुसतं ऐका."

"ऐकतो."

"एक सर्व्हर आहे. नेटवर्क कार्ड मेलं म्हणून नवं बसवलं. त्याच खाचेत. दिवा हिरवा लागतो, केबल चांगली आहे, सेटिंग जसंच्या तसं आहे. तरी नेटवर्क येत नाही."

मामा खिडकीबाहेर बघत होते. बाहेर कुणीतरी सायकल धूत होतं.

"सिस्टिम जुनी की नवी?" त्यांनी मान न वळवता विचारलं.

"जुनी."

"मग नाव बदललं असणार." मामा आता वळले. "जुनी सिस्टिम जागेला ओळखत नाही, कार्डाला ओळखते. खाच तीच असली म्हणून काय झालं? जुन्याचं नाव ती जुन्यासाठी धरून बसते, नव्याला पुढचं नाव देते. मी तुला सांगितलं होतं हे, इथेच, त्या टेबलावर. जुन्या कार्डाचा नंबर खोडायचा, तिथे नव्याचा लिहायचा, आणि मशीन परत सुरू करायचं. संपलं." बोलता बोलता ते खुर्चीत पुढे सरकले होते आणि त्यांचं बोट हवेत एकेक पायरी दाखवत होतं. "कुणी सिस्टिम पुसायला वगैरे काढली नाही ना? लोक घाई करतात."

"काढली होती," ती म्हणाली. "मीच."

"तू? कुठल्या सर्व्हरवर?"

"आपल्या. कारखान्यातल्या. सोमवारी."

मामांचं बोट हवेतच राहिलं.

आता ती थांबली नाही. थांबली असती तर परत सुरू करता आलं नसतं. "तुमचं सेटिंग पूर्ण होतं, मामा. काहीच राहिलं नव्हतं. मला नावाचं सुचलं नाही, मालकीणबाई दारात उभ्या होत्या, मी घाबरले आणि तुमच्यावर ढकलून मोकळी झाले. तुम्ही आलात तेव्हा तर मला सगळं कळलेलं होतं. तुम्ही माफी मागत होतात तेव्हा मला माहीत होतं. आणि स्टॉपवर तुम्हाला आठवणार नाही म्हणाले, तेही तुम्ही पुढे विचारू नये म्हणून."

तिने मान खाली घातली. आता मामा बोलतील. त्यांनी बोलावंच, असं तिला वाटत होतं. लहानपणी एकदा स्क्रू हरवला म्हणून ओरडले होते तसं ओरडावं, चालती हो म्हणावं. ते सगळं अंगावर घ्यायची तिची तयारी होती. किंबहुना तेवढ्यासाठीच ती आली होती.

"म्हणजे," मामा हळूच म्हणाले, "मी विसरलो नव्हतो."

तिने वर बघितलं. मामांचा चेहरा लखलखीत झाला होता. 

"मी विसरलो नव्हतो," ते परत म्हणाले, आणि मोठ्याने हाक मारली, "अगं, ऐकलंस का? इकडे ये आधी. सेटिंग बरोबर होतं. मी पूर्ण केलं होतं. आत्तासुद्धा मला सगळं आठवलं, विचार हिला, एका दमात सांगितलं."

ते उठले, गॅसजवळची चिठ्ठी काढली, नळावरची काढली, पंख्याच्या बटणावरची काढली. डोळे पाण्याने भरले होते आणि ते हसत होते. आपल्यावर कुणी काही अन्याय केला, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. त्यांना त्यांचं डोकं परत मिळालं होतं, बाकी कशाशी त्यांना देणंघेणं नव्हतं. चिंगीला त्या क्षणी स्वतःची जेवढी लाज वाटली तेवढी हॉलमध्ये वाटली नव्हती, बसस्टॉपवर वाटली नव्हती. ओरडले असते तर निदान हिशेब फिटला असं म्हणता आलं असतं.

मामी स्वयंपाकघराच्या दारात ओल्या हातांनी उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या हसल्या नाहीत.

"हे तिथे कुणाला सांगितलंस?" त्यांनी विचारलं.

"नाही अजून."

"का?"

"लाज वाटते, मामी."

"त्यांना नसेल वाटली? सगळ्यांसमोर माफी मागताना?"

कॉम्प्युटरवरची चादर काढत असलेले मामा थांबले. चादर तशीच हातात धरून त्यांनी एकदा मामींकडे बघितलं, एकदा भाचीकडे. आता मात्र त्यांच्या लक्षात आलं असावं. त्यांनी चादरीची नीट घडी घातली. मग टेबलाशी बसले, पिवळ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा पुढे ओढला आणि चष्मा लावून एका चिठ्ठीवर काहीतरी लिहिलं. लिहून झाल्यावर उठले आणि चिंगीच्या ऑफिसच्या बॅगवर, अगदी पुढच्या बाजूला, ती चिठ्ठी अंगठ्याने दाबून दाबून चिकटवली.

तिने वाचली. ‘उद्या सगळ्यांसमोर सांगणे.’

"माणसाला विसरायला होतं ग," मामा म्हणाले.

सोमवारी बसमध्ये ती बॅग मांडीवर उलटी धरून बसली. कारखान्याच्या फाटकाशी आल्यावर तिने ती सरळ केली. चिठ्ठीचा एक कोपरा उचलला गेला होता. तो तिने परत दाबला आणि आत गेली.

फोरमन पहिल्या मशीनशी वाकून काच उजेडात धरून बघत होते. त्यांची नजर बॅगेवर गेली. त्यांनी चष्मा पुढे ओढून सावकाश, ओठ हलवत ती ओळ वाचली. अक्षर कुणाचं आहे ते त्यांनी ओळखलं असणार. त्या अक्षरातल्या चिठ्ठ्या वर्षानुवर्षं त्यांच्या मशिनांवर लागलेल्या होत्या.

"काय सांगायचंय?" त्यांनी विचारलं.

"मशिनं जरा थांबवता का?" ती म्हणाली. "आणि मालकीणबाईंना बोलवा."

मशिनं एकेक करून थांबली. माणसं हात पुसत जमली. मालकीणबाई आल्या, हिशेबनीसबाई आल्या. मामा जिथे उभे राहिले होते तिथेच, दाराजवळ, ती उभी राहिली. चहाची वेळ व्हायची होती, त्यामुळे या वेळी हातात धरायला काही नव्हतं.

"मामांचं सेटिंग पूर्ण होतं," तिने सुरुवात केली. "अर्धवट मी होते. मी खोटं बोलले, आणि ते तुमची माफी मागत होते तेव्हा इथे उभी राहून चहा पीत होते."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. कान तापले होते तिचे, आणि अजून पुष्कळ सांगायचं बाकी होतं.